रिडीमिंग लव्ह पाहिला, रडले पण... माफ केलं म्हणजे परत जायलाच हवं का?

निशिगंध

नमस्कार मंडळी, विषय सिनेमाचा आहे पण माझ्या मनातलं पण थोडं आहे त्यात, लांबण लागली तर समजून घ्या. आमच्या चर्चच्या तरुण संघाने मध्यंतरी एकत्र बसून रिडीमिंग लव्ह पाहिला, डी. जे. कारुसोचा, २०२२ चा. ज्यांना बघायचाय त्यांनी पुढे वाचू नका कारण सगळी गोष्ट फुटणार आहे.

१८५० चा कॅलिफोर्निया, सोनं सापडलंय म्हणून सगळी दुनिया तिकडे धावतेय. एंजल लहानपणीच विकली गेलेली, वेश्यावस्तीत वाढलेली, प्रेम वगैरे शब्दांवर तिचा काडीचा विश्वास नाही. आणि मायकल होझिया नावाचा साधा शेतकरी, त्याची खात्री पटते की देवाने हीच बायको आपल्यासाठी निवडलीय. तो तिच्याशी लग्न करून शेतावर नेतो, ती पळून जाते, तो शोधून परत आणतो, ती पुन्हा जाते. मला एंजलचं काम करणारी अबिगेल कोवेन फार आवडली, तिच्या चेहऱ्यावर सतत असं दिसत राहतं की आता कोणीतरी मारणार आहे, आणि कोणी मारत नाही तेव्हा ती जास्तच घाबरते. मी तर हुंदके देऊन रडले.

आता माझं. माझा साखरपुडा झाला होता, हॉल बुक होता, पत्रिका छापायला दिलेल्या, आणि मुलाने लग्न मोडलं. दुसरी मुलगी आवडली म्हणाला. तो पूर्ण काळ मी कसा काढला ते मला आणि माझ्या आईलाच माहीत. आता तो परत आलाय, माफी मागतोय, त्याची आई आमच्या घरी येऊन रडून गेली. सिनेमा संपल्यावर चर्चा होती त्यात आमच्या एक काकू सगळ्यांदेखत म्हणाल्या, बघ, मायकलने किती वेळा माफ केलं, तुला एकदा नाही जमत? मी काहीच बोलले नाही. काकू वाईट नाहीत, माझं लग्न मोडलं तेव्हा रोज डबा घेऊन येणाऱ्या त्याच होत्या, म्हणून तर जास्त लागलं.

मी त्याला माफ केलंय असं मला खरंच वाटतं. त्याचं वाईट व्हावं असं मनात येत नाही, प्रार्थनेत त्याचं नाव घेते. पण त्याच्याशी लग्न करायची इच्छा नाही म्हणजे नाहीच. मग माझी क्षमा खोटी आहे का? सिनेमा तर असंच सांगतोय असं वाटतं. ज्यांनी पाहिलाय, किंवा ज्यांना बायबल नीट माहितीय त्यांनी सांगा.

नगरकर_काका

निशिगंध बेटा, तुझी क्षमा खोटी नाही, हे आधी सांगतो, मग बाकीचं.

हा सिनेमा फ्रान्सिन रिव्हर्स यांच्या १९९१ च्या कादंबरीवरून केलाय आणि कादंबरीचा पाया आहे जुन्या करारातला होशेय संदेष्टा. मायकलचं आडनाव होझिया ठेवलंय ते त्याच्यामुळेच. होशेय हा उत्तरेच्या इस्राएल राज्यातला, ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातला. देव त्याला गोमर नावाच्या बाईशी लग्न करायला सांगतो, मुलं होतात, ती त्याला सोडून दुसऱ्यांकडे जाते, आणि मग तिसऱ्या अध्यायात होशेय बायकोला चक्क पैसे मोजून सोडवून आणतो, १५ शेकेल चांदी आणि वर जव (सातू). किती अपमानाची गोष्ट असेल ती, स्वतःच्याच बायकोचे पैसे भरायचे, आणि तेही पुरते रोख नव्हते म्हणून धान्य घालावं लागलं असं मला नेहमी वाटतं.

पण आपल्या काकूंना एक सांग. होशेयची गोष्ट सगळ्या नवरा-बायकोंसाठी नियम म्हणून लिहिलेली नाही. इस्राएल राष्ट्र देवाला सोडून बआल नावाच्या परक्या दैवताच्या मागे गेलं, ते देवाला कसं लागलं हे लोकांना दिसावं म्हणून त्या एका माणसाला ते जगायला सांगितलं. मुलांची नावं बघ ना, लो-रुहामा म्हणजे जिच्यावर दया नाही, लो-अम्मी म्हणजे माझे लोक नाहीत. कोण बाप आपल्या पोरांची अशी नावं ठेवील? तो संदेश होता. उद्या कोणी उठून पोराचं नाव लो-अम्मी ठेवायला लागलं तर आपण त्याला थांबवूच ना, मग त्याच पुस्तकातलं लग्न तेवढं उचलून एखाद्या पोरीच्या माथी का मारायचं?

आणखी एक. तिला घरी आणल्यावरसुद्धा होशेय म्हणतो की पुष्कळ दिवस तू माझ्यासाठी थांबून राहा, दुसऱ्या कोणाची होऊ नको, मीही तसाच राहीन. म्हणजे तिथेही आणलं की संसार सुरू असं नाही, मध्ये थांबणं आहे. हे अध्याय फार छोटे आहेत, एकदा स्वतः वाच. जुनं भाषांतर जड जात असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल घे, मराठी फार गोड आहे त्यातलं.

रानजाई

मी चर्चवाली नाही, सिनेमे मात्र खूप बघते आणि हा पाहिलाय. मला त्यात एक गोष्ट फार टोचली ती लिहिते, श्रद्धेवर टीका म्हणून नाही. मायकल तिला लग्नाचं विचारतो तेव्हा ती मार खाऊन अर्धमेली पडलीय. अशा अवस्थेतल्या बाईच्या होकाराला काय अर्थ आहे? सिनेमाला तो क्षण सुंदर वाटतो, मला अंगावर काटा आला. नंतर तो चांगला वागतो, जबरदस्ती करत नाही, वाट बघतो, मान्य. पण सुरुवात तशी आहे आणि ती डोळ्यांआड करता येत नाही.

पण त्याच सिनेमात तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं, आणि ते काकूंनी चुकीच्या जागी शोधलं. जरा बघा, एंजलने मायकलचं काय वाकडं केलंय? ती पळून जाते कारण आयुष्यभर तिला कोणी ना कोणी विकलंय. ती गुन्हेगार नाहीच, तिच्यावर गुन्हा झालाय. त्यामुळे मायकल तिला माफ करतो हे म्हणणंच मला अर्धवट वाटतं, तो तिची वाट बघतो एवढंच. तुमच्या त्या मुलाची एंजलशी तुलना कशी काय होऊ शकते? त्याला कोणी विकलं नव्हतं, त्याने ठरवून साखरपुडा मोडला.

खरी माफी मागावी लागते ती पॉलला. पॉल म्हणजे मायकलचा मेहुणा. तोच तिला सतत हिणवतो, आणि ती पळून जायला निघते तेव्हा गाडीतून पोचवायचं भाडं म्हणून तिच्याकडून काय वसूल करतो ते आठवा. पूर्ण सिनेमातला सगळ्यात किळसवाणा प्रसंग, कारण तो खलनायक नाहीये, घरातला माणूस आहे. शेवटी हाच पॉल सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन तिला शोधतो आणि तिच्यासमोर कबूल करतो की मी वाईट वागलो. आणि ती त्याला माफ करते. आता सांगा, माफ केलं म्हणून कोणी एंजलला म्हणतं का की मग पॉलबरोबर राहा? तोपर्यंत त्याचं मिरियमशी लग्न झालेलं असतं, त्याचा संसार वेगळा, हिचं आयुष्य वेगळं. माफी पूर्ण आहे आणि तरी दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत. तुमची जागा त्या सीनमध्ये आहे, मायकलच्या सीनमध्ये नाही.

निशिगंध

रानजाई, मी तो सीन पाहिला आणि सोडून दिला होता, कारण तोपर्यंत मी मायकलकडे ती कधी जाते याचीच वाट बघत होते. परत लावून पाहिला आत्ता. तुम्ही म्हणता ते खरंय, ती त्याला माफ करते तेव्हा तिच्या आवाजात राग नाहीये आणि लाडही नाहीये.

काका, होशेयचं पुस्तक पूर्ण वाचलं. ११ व्या अध्यायात देव लेकराला चालायला शिकवणाऱ्या बापासारखं बोलतो तिथे थांबले खूप वेळ.

वसईची_पोर

मी कॅथलिक, आमच्याकडे लग्नाआधी प्री-काना कोर्स असतो, आमच्या वेळी तिथे फादरांनी योसेफाची गोष्ट सांगितली होती ती तुला सांगावीशी वाटतेय. योसेफाला भावांनीच खड्ड्यात टाकून विकला, पुढे तो मिसरात मोठा अधिकारी झाला आणि दुष्काळात तेच भाऊ धान्य मागायला त्याच्यासमोर आले. तो लगेच गळ्यात पडला का? नाही. शिमोनला ठेवून घेतलं, धाकट्या बन्यामीनला आणा म्हणाला, मग बन्यामीनच्या पोत्यात स्वतःचा चांदीचा प्याला लपवून त्याला पकडवलं. आणि मध्ये मध्ये आत जाऊन एकटाच रडत होता. मनात माया आहे, माफी पण आहे, पण हे लोक बदललेत का ते त्याला बघायचं होतं. जेव्हा यहूदा पुढे येऊन म्हणाला की याच्या जागी मला गुलाम ठेवा, तोच यहूदा ज्याने योसेफाला विकायची कल्पना काढली होती, तेव्हा कुठे योसेफाने सांगितलं की मी तुमचा भाऊ.

म्हणजे मन मोकळं करणं हे तुझं एकटीचं काम, ते तू केलंस. परत जवळ घेणं हे दोघांचं काम असतं आणि त्याला समोरच्याने काहीतरी दाखवावं लागतं. आणि दाखवलं तरी हो म्हणायलाच पाहिजे असं नाही गं, तू त्याची बायको नव्हतीस, साखरपुडा होता. लग्नाचं वचन आणि साखरपुडा यात आमचे फादर तरी खूप फरक करतात. लग्नात दोघांनी स्वतःच्या मर्जीने होकार दिला नसेल तर चर्च ते लग्नच मानत नाही, मग कोणाच्या दबावाखाली तू हो म्हणून काय उपयोग?

अबोली७

मी जरा उलटी बाजू मांडते कारण सगळेच एका बाजूने लिहितायत. मी परत गेलेली आहे. तपशील नको, पण माझ्या नवऱ्याने मला फसवलं होतं, मी माहेरी आले होते, आणि पुढे परत गेले, आणि आज आमचं चांगलं चाललंय. त्यामुळे परत जाणारी बाई म्हणजे दबलेली, असं कोणी समजू नये एवढंच सांगायचंय.

पण मी का गेले ते सांगते. निशिगंध, तू फायरप्रूफ बघ, २००८ चा, जॉर्जियातल्या ऑल्बनी गावातल्या एका बॅप्टिस्ट चर्चने काढलेला, बरेचसे कलाकार चर्चचेच स्वयंसेवक. अभिनय काही ठिकाणी कच्चा आहे पण गोष्ट खणखणीत आहे. आग विझवणाऱ्या दलातला केलब, बायको कॅथरीन, घटस्फोटाच्या दारात. त्याचे वडील त्याला हाताने लिहिलेली वही देतात, ४० दिवस रोज बायकोसाठी एक गोष्ट करायची. पहिले कितीतरी दिवस तो नुसतं उरकून टाकतो, स्वस्तातली फुलं काय, फोन काय, आणि बायकोला ते कळतं. ती विरघळत नाही, आणि सिनेमा तिला त्यासाठी वाईट ठरवत नाही, हे मला फार आवडलं.

मग येते ती गोष्ट जिच्यासाठी मी हे लिहितेय. कॅथरीनच्या आईला पक्षाघात झालेला, तिच्यासाठी पलंग आणि व्हीलचेअर हवी, पैसे नाहीत. कोणीतरी पैसे भरून टाकतं. कॅथरीनला वाटतं तो हॉस्पिटलमधला गोडबोल्या डॉक्टर, तिचं मन त्याच्याकडे झुकलेलंच असतं. नंतर दुकानात कळतं की डॉक्टरने दिले फक्त ३०० डॉलर आणि बाकीचे २४,००० केलबने, जे त्याने बोट घ्यायला वर्षानुवर्षं साठवले होते. आणि तो तिला बोललेलाच नाही. महत्त्वाचं मला हे वाटतं, बोललेला नाही. माझ्या नवऱ्याने पण मी माहेरी असताना काही गोष्टी केल्या होत्या ज्या मला दुसऱ्यांकडून कळल्या, त्याने कधी पुढे केल्या नाहीत. म्हणून गेले. कोणी सांगितलं म्हणून नाही, चर्चने नाही, आईने नाही.

त्यामुळे तुला विचारते, त्या मुलाने माफी मागण्याव्यतिरिक्त काय केलंय? हॉलचे पैसे तुझ्या वडिलांचे बुडाले असतील, ते दिले का? तुझ्या आईवडिलांसमोर स्वतः येऊन उभा राहिला का, का आईला पाठवलं? आणि त्या दुसऱ्या मुलीचं काय झालं?

निशिगंध

अबोली ताई, तुमचा प्रश्न वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि खूप वेळाने उचलला. उत्तरं सरळ लिहिते. पैसे दिले नाहीत, विषयच काढला नाही. आईला पाठवलं, स्वतः मेसेज करतो, घरी आला नाही. त्या दुसऱ्या मुलीने नकार दिला, त्यानंतर तो माझ्याकडे आला, हे मला त्याच्या मित्राकडून कळलं.

हे सगळं मला माहीत होतं पण क्षमा करायची म्हणजे असा हिशोब करायचा नसतो असं मी स्वतःला सांगत होते. सत्तर वेळा सात इतक्यांदा माफ करा म्हटलंय ना येशूने.

नगरकर_काका

म्हटलंय बेटा, मत्तयाच्या १८ व्या अध्यायात, पेत्राने विचारलं तेव्हा. पण त्याच अध्यायात त्याच्या थोडं आधी काय आहे ते लोक वाचत नाहीत. भावाने तुझा अपराध केला तर जा आणि एकांतात त्याला त्याचा दोष दाखव, नाही ऐकलं तर दोघा-तिघांना घेऊन जा, तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग. म्हणजे दोष दाखवणं आणि माफ करणं एकाच अध्यायात शेजारी शेजारी बसलंय. बुडालेल्या पैशांबद्दल विचारणं हा हिशोबीपणा नाही. जक्कय नावाच्या जकातदाराने तर येशूसमोर कोणी न मागता म्हटलं होतं की ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट देतो.

पानाआड

इंग्रजी सिनेमांवरून चाललंय म्हणून राहवलं नाही, आपल्याकडे याहून मोठी गोष्ट घडलेली आहे आणि ती मराठीत लिहिलेली आहे. लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाई पदरात लहान दत्तू घेऊन मागे राहिल्या. त्या काळच्या ब्राह्मण घरात नवरा धर्म सोडून गेला म्हणजे बाईचं काय झालं असेल, विचार करा. वेड लागायची पाळी आली होती त्यांना. काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग नगरला टिळकांकडे गेल्या, पण कशा गेल्या बघा, आपलं सोवळं सांभाळून, आपलं खाणंपिणं वेगळं ठेवून. टिळकांनी तू ख्रिस्ती हो म्हणून सक्ती केली नाही. पुढे त्यांचं मन आपोआप बदलत गेलं आणि १९०० ला त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

मला त्यातलं सगळ्यात मोठं काय वाटतं तर त्यांनी टिळकांना माफ केल्यावर त्यांच्या चुका झाकल्या नाहीत. टिळकांचा राग, पैसा हातात न ठरणं, घरातलं कोणालाही उचलून देऊन टाकणं, सगळं लिहिलंय, आणि तरी पानापानावर जीव आहे त्या माणसावर. ज्याला आतून माफ केलंय त्याच्याबद्दलच इतकं उघड लिहिता येतं. निशिगंध, वाचलं नसशील तर सिनेमे ठेव बाजूला आणि हे वाच.

रानजाई

पानाआड, अगदी. आणि निशिगंध, रिडीमिंग लव्हमध्ये पण शेवटच्या वेळी एंजल जाते तेव्हा मायकल तिच्या मागे जात नाही, हे लक्षात घ्या. आधी दरवेळी जाऊन आणतो, यावेळी नाही. ती तिकडे स्वतःच्या पायावर उभी राहते, तिच्यासारख्या मुलींसाठी घर चालवते, आणि मग स्वतः येते. येऊन त्याला आपलं खरं नाव सांगते, सारा. ते नाव तोपर्यंत तिने कोणालाच दिलेलं नव्हतं. सुरुवातीच्या त्या अर्धमेल्या होकाराबद्दल माझा राग या शेवटामुळे निम्मा गेला होता.

निशिगंध

सगळ्यांचे मनापासून आभार. स्मृतिचित्रे शाळेत धडा होता तेवढंच, पूर्ण आणते आता.

मी ठरवलंय की त्याला मेसेज नाही करायचा, भेटायचं, आमच्या पाळकसाहेबांच्या घरी, ते आणि मॅडम असताना. सांगणार आहे की मी तुला माफ केलंय, मनात काही नाही, पण लग्न करणार नाही, आणि बाबांचे हॉलचे पैसे तू स्वतः येऊन दे. शेवटचं वाक्य बोलताना आवाज फुटेल की काय अशी भीती आहे पण बोलणार. काकूंशी आधी बोलेन, एकट्यात, त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळायला नको.

अबोली ताई, फायरप्रूफ आमच्या संघात दाखवायचा विचार आहे, वयात आलेली मुलं बसतात, चालेल ना?

अबोली७

चालेल, अगदी निर्धास्त दाखव. त्यात केलबच्या कॉम्प्युटरवरच्या व्यसनाचा भाग आहे पण उघडंवाघडं काही दाखवत नाहीत, मुलांशी त्यावर बोलायला उलट बरं पडेल. चुंबनाचा एक सीन आहे तोही सावलीत घेतलाय, कारण केलबचं काम करणारा कर्क कॅमेरॉन बायकोशिवाय दुसऱ्या कोणाचं चुंबन घेत नाही, म्हणून त्याची खरी बायकोच तिथे उभी केली होती. आणि चर्चेला वेळ जास्त ठेव, शेवटी वडील त्याला सांगतात की ती ४० दिवसांची वही मुळात आईने त्यांच्यासाठी केली होती, आणि केलब तर आईला सिनेमाभर झिडकारत आलेला असतो. आमच्याकडे त्या सीननंतर पोरं बराच वेळ बोलत होती. भेट झाली की इथे कळव गं, त्या दिवशी मी प्रार्थनेत असेन.